झडीतली बुरशी आणि दुकानातली बुरशी

श्रावणाची झड चार-पाच दिवस लागून राहिली आणि मग उघाड पडली, की पातूरच्या आसपासच्या सोयाबीनमध्ये एक गोष्ट पाहायला मिळते. शेंड्याकडच्या पानांवर अळ्या चिकटून मेलेल्या असतात. ताठ, वाळलेल्या, अंगावर आधी पांढरी आणि दोन-तीन दिवसांनी फिकट हिरवी भुकटी. तंबाखूची पाने खाणारी अळी असते, हिरवी उंटअळी असते, कधी घाटेअळीही असते. आठवड्यापूर्वी फवारा मारलेला शेतकरी म्हणतो, औषध लागू पडलं. ज्याने फवारा मारलाच नाही त्याच्या वावरातही तसल्याच अळ्या मेलेल्या असतात, पण त्याची साक्ष कोणी काढत नाही. ही करामत नोमुरिया रिलेई या बुरशीची. शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये तिला मेटारायझियम वंशात नेऊन बसवले. कृषी केंद्राच्या काउंटरवर मात्र अजून नोमुरिया हेच नाव चालते.

कीड मारणाऱ्या बुरशांबद्दल वऱ्हाडात दोन टोकांची मते ऐकू येतात. एका बाजूला सेंद्रिय शेतीच्या मेळाव्यात व्यासपीठावरून सांगितले जाते की बिव्हेरिया, मेटारायझियम आणि व्हर्टिसिलियम ही तीन पाकिटे घरात असली की विषारी औषधाची गरज संपली. दुसऱ्या बाजूला पाराखाली बसलेला माणूस सांगतो की दोन वर्षे वापरून पाहिली, पांढरी माती फवारल्यासारखे झाले, पैसे पाण्यात गेले. दोघांच्याही पाठीशी अनुभव आहे, म्हणून दोघांनाही खोटे ठरवून चालत नाही. माझ्या मते गोंधळ असा होतो की झडीतली बुरशी आणि दुकानातली बुरशी या दोघींना आपण एकाच मापाने मोजतो. पहिली ताजी असते आणि हवामान तिच्या बाजूने असते. दुसरी अनेकदा उन्हाळाभर पत्र्याखाली शिजलेली असते, आणि चुकीच्या महिन्यात चुकीच्या किडीवर मारली जाते. बुरशी चालते का, हा प्रश्न शास्त्राने कधीच निकालात काढला आहे. कुठल्या पिकात, कुठल्या महिन्यात आणि किती ताजी असली तर चालते, एवढाच प्रश्न उरतो. या लेखात तो पातूरच्या बाजूने तपासायचा आहे.

आधी ती मारते कशी ते पाहू. बुरशीचा बीजाणू किडीच्या अंगाला चिकटतो. ओल मिळाली तर तिथेच रुजतो, कोंब टाकतो, आणि कातडी विरघळवणारी विकरे सोडून आत शिरतो. किडीची कातडी कायटिन, प्रथिने आणि मेणचट थराची बनलेली असते. तिन्हींना फोडणारी विकरे या बुरशीकडे असतात. आत गेल्यावर ती रक्तात वाढते, अन्न खाते, बिव्हेरिसिन किंवा डिस्ट्रक्सिन यांसारखी विषे सोडते. कीड सुस्त पडते, खाणे सोडते आणि तीन ते दहा दिवसांत मरते. बाहेर दमटपणा असेल तर बुरशी कातडी फोडून वर येते आणि एका मेलेल्या अळीवर लाखो नवे बीजाणू तयार होतात. बिव्हेरियाने मेलेली अळी पांढरी दिसते, मेटारायझियमने मेलेली गडद हिरवी.

यातली पोटाची वाट टाळणारी गोष्ट महत्त्वाची आहे. बीटी जिवाणू किंवा घाटेअळीचा विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही, किडीच्या पोटात जावा लागतो. मावा, तुडतुडे, पांढरी माशी या किडी पान खात नाहीत, सोंड खुपसून रस पितात. पानावर पडलेला जिवाणू त्यांच्या पोटात जाणार कसा? रस शोषणाऱ्या किडींना आजारी पाडण्यासाठी सूक्ष्मजीवांपैकी बुरशीच खरी कामाची ठरते, कारण ती कातडीतून शिरते. पऱ्हाटीवर औषधाचा सगळ्यात मोठा खर्च याच किडींवर होतो, तेव्हा हा गुण दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

पण अटी कडक आहेत. बीजाणू रुजायला बारा ते चोवीस तास हवेत नव्वद टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते, निदान पानाच्या पृष्ठभागाजवळ तरी. तापमान वीस ते तीस अंशांत असले तर वाढ जोमाची, पस्तीसच्या वर बहुतेक बुरशा थबकतात. उघड्या उन्हातली अतिनील किरणे काही तासांत बीजाणू मारतात. जुलै ते सप्टेंबरचा मध्य, हा काळ वऱ्हाडात या अटींत बसतो. ऑक्टोबर हीट सुरू झाली की बसत नाही. अकोल्यात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो हे आपल्याला पाठ आहे. बुरशीलाही ते कळते, ती तेव्हा पाकिटात असली तरी.

या विद्येचा इतिहास रेशमापासून सुरू होतो. इटलीत लोदीजवळ राहणाऱ्या अगोस्तिनो बासी यांनी रेशमाच्या अळ्यांना होणारा एक रोग वर्षानुवर्षे अभ्यासला. त्यात अळी मरून चुन्यासारखी पांढरी आणि कडक होई. हा रोग एका जिवंत बुरशीमुळे होतो आणि एका अळीकडून दुसरीकडे जातो, असे त्यांनी १८३५ मध्ये प्रसिद्ध केले. पाश्चर आणि कॉख यांचा जंतुसिद्धांत तेव्हा अजून यायचा होता. बिव्हेरिया बॅसियाना या नावातले बॅसियाना ते बासींचेच. पुढे १८७९ मध्ये ओडेसाच्या परिसरात मेचनिकोव्ह यांनी गव्हावरच्या भुंगेऱ्याला मारणारी हिरवी बुरशी शोधली. ती आजची मेटारायझियम. पेशी जंतू कसे गिळतात या शोधासाठी १९०८ चे नोबेल मिळालेले मेचनिकोव्ह हेच. बुरशी दारूभट्टीतल्या धान्याच्या चोथ्यावर वाढवावी, असे त्यांनी सुचवले होते. त्यानंतर काही वर्षांतच क्रासिल्श्चिक यांनी युक्रेनमधल्या स्मेला येथे छोटा कारखानाच काढला आणि बीटावरच्या सोंडकिड्यासाठी चार महिन्यांत ५५ किलो बीजाणू तयार केले. म्हणजे बुरशीचे कारखानदारी उत्पादन डीडीटीपेक्षा अर्ध्या शतकाहून जुने आहे.

मग ती मागे का पडली? याचे सगळ्यात बोलके उत्तर अमेरिकेतल्या कान्सासमधून मिळते. तिथे फ्रान्सिस स्नो यांनी १८८८ पासून गव्हा-मक्यावरच्या ढेकणांसाठी बुरशीने मेलेले ढेकूण शेतकऱ्यांना फुकट पाठवायला सुरुवात केली. हजारो शेतकऱ्यांनी ते शेतात सोडले आणि अनेकांनी ‘फार छान गुण आला’ असे कळवले. पुढे काटेकोर तपासणी झाली आणि तिचा अहवाल १९११ मध्ये आला. त्यात दिसले की ती बुरशी शेतात आधीपासूनच सगळीकडे होती. पाऊस आणि दमटपणा असेल तेव्हा ती आपोआप पसरत होती, कोरड्या वर्षी कितीही सोडली तरी पसरत नव्हती. शेतकऱ्याने सोडलेल्या ढेकणांमुळे फरक पडला नव्हता. आपल्या सोयाबीनवरच्या ‘औषध लागू पडलं’ या वाक्यामागे हीच गफलत आहे. बुरशीच्या पाकिटाचे श्रेय झडीला आणि झडीचे श्रेय पाकिटाला, असे हिशेब आजही होतात, आणि त्यावर जाहिराती बनतात.

आता वऱ्हाडाकडे येऊ. इथे हा प्रश्न आवडीनिवडीचा राहिलेला नाही. बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन जनुकांचे बोलगार्ड-२ २००६ मध्ये आले, आणि काही वर्षे बोंडअळीचा फवारा खरोखर कमी झाला. रस शोषणाऱ्या किडींचा मात्र वाढला. पुढे गुलाबी बोंडअळी बोलगार्ड-२ लाही बधेनाशी झाली. २०१७ च्या खरिपात ती विदर्भभर पसरली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव घेतला. शेकडो रुग्णालयात दाखल झाले. अकोला, अमरावती, बुलडाण्यातूनही बाधितांच्या बातम्या आल्या. उंच वाढलेली दाट पऱ्हाटी, उघडे अंग, चायनीज पंपाचा बारीक तुषार, दोन-तीन औषधांचे एकत्र मिश्रण, अशी कारणे तेव्हा पुढे आली. त्या वर्षानंतर ‘बिनविषारी काय आहे?’ हा प्रश्न कृषी केंद्रावर विचारला जाऊ लागला, आणि दुकानदाराच्या फडताळावर बुरशीच्या पाकिटांना जागा मिळाली.

दुर्दैव असे की ज्या किडीच्या भीतीने ही पाकिटे सगळ्यात जास्त खपतात, तिच्यावरच ती सगळ्यात कमी चालतात. गुलाबी बोंडअळीची मादी पात्या, फुले आणि कोवळ्या बोंडांजवळ अंडी घालते. त्यातून निघालेली अळी लवकरच आत शिरते आणि भोक बुजते. बीजाणू तिच्या अंगाला लागण्याची संधी फार थोडी असते. शिवाय ती जोर धरते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हवा कोरडी होत असताना. या अळीसाठी कामगंध सापळे, डोमकळ्या वेचून नष्ट करणे, नरमादीचे मिलन रोखणारे गंधाचे उपाय, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे फरदड न घेता डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटणे, हे मार्ग आहेत. बिव्हेरियाचे पाकीट तिथे घेणे म्हणजे पैसे घालवणे. कापसातल्या बोंडअळ्यांसाठी बिव्हेरियाच्या भुकटीला नोंदणी आहे हे खरे, पण हिरवी बोंडअळी पानावर फिरते आणि गुलाबी आत बसते, हा फरक लेबलवर लिहिलेला नसतो.

पऱ्हाटीतल्या पांढऱ्या माशीची आणि माव्याची गोष्ट निराळी. व्हर्टिसिलियम, ज्याला लेकॅनिसिलियमही म्हणतात, ही बुरशी मुळात जावामधल्या कॉफीवरच्या खवले किडीवर सापडली होती. पिल्लावस्थेतली पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला एका जागी बसून असते. तिथे सावली असते, पानाने सोडलेली ओल असते, ऊन पोचत नाही. ऑगस्टमध्ये पऱ्हाटी दाटली की बुरशीला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. अट एवढीच की फवारा पानाच्या खाली पोचला पाहिजे, आणि आपल्याकडे बहुतेक फवारे वरून मारले जातात. तुडतुड्यांवर गुण कमी येतो, ते चपळ आहेत. फुलकिड्यांवर मधला.

सोयाबीनबद्दल मात्र सावकाश बोलले पाहिजे, कारण पातूर-बाळापूरच्या पट्ट्यात खरिपाचा मोठा भाग आज सोयाबीनखाली आहे आणि बुरशीचे सगळ्यात मोठे घर तेच आहे. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात पाने खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीनचा फडशा पाडला. त्यातूनच पुढच्या वर्षी राज्याचा क्रॉपसॅप, म्हणजे कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प, उभा राहिला. दर आठवड्याला ठरलेल्या वावरांत जाऊन अळ्या मोजायच्या आणि आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली तरच फवारा सुचवायचा, ही त्यामागची कल्पना. त्या मोजणीत नोमुरियाने मेलेल्या अळ्याही मोजल्या जायला हव्यात. एखाद्या वावरात दहा अळ्यांपैकी तीन-चार पांढऱ्या पडलेल्या दिसत असतील आणि आभाळ भरून असेल, तर बुरशीची साथ सुरू झाली आहे. आठवडा थांबले तर उरलेल्यांपैकी बऱ्याच जातील. अशा वेळी फवारा मारणे म्हणजे साथ मोडणे.

आणि ती साथ आपण मोडतो ती बहुतेक वेळा कीटकनाशकाने नव्हे, बुरशीनाशकाने. ऑगस्टमध्ये सोयाबीनच्या पानावर ठिपके दिसले, शेंग करपा आला, तांबेऱ्याची धास्ती वाटली, की टेब्युकोनॅझोलसारखे बुरशीनाशक पंपात पडते. त्याच पंपात अळीचे औषध, त्याच पंपात टॉनिक, वर एक विद्राव्य खत. एका फेरीत सगळे उरकायचे, कारण मजूर मिळत नाही. हे समजण्यासारखे आहे. पण रोगाची बुरशी मारणारे औषध मित्र बुरशीला ओळखून सोडून देत नाही. सोयाबीनवर बुरशीनाशक मारल्यावर नोमुरियाची साथ दबते आणि अळ्या वाढतात, हे अमेरिकेत १९७० च्या दशकातच नोंदले गेले. आपल्याकडे ज्याला बुरशीची पाकिटे विकायची आहेत त्याच दुकानातून बुरशीनाशकही विकले जाते, तेव्हा हे सांगणार कोण? सोयाबीनमध्ये बुरशी वापरण्याचा पहिला आणि सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे ती विकत न घेता आहे ती जगू देणे. ठिपक्यांचा फवारा गरजेचाच असेल तर तो साथ सुरू होण्यापूर्वी किंवा ओसरल्यावर मारावा. विकतची नोमुरिया मारायचीच असेल तर अळ्या लहान असताना, झडीच्या तोंडावर, संध्याकाळी.

जमिनीतली हुमणी हे दुसरे ठिकाण, जिथे मी ठामपणे बुरशीच्या बाजूने उभा राहीन. पहिल्या वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर भुंगेरे जमतात, माद्या जमिनीत अंडी घालतात, आणि अळ्या पावसाळाभर मुळे कुरतडतात. गेल्या काही वर्षांत हा उपद्रव उसाच्या पट्ट्यातून सोयाबीन आणि हळदीच्या वावरांतही आला आहे. जमिनीत ऊन नाही, ओल आहे, तापमान स्थिर आहे. हुमणी तिथे महिनोन्‌महिने बसते, पळून जात नाही. बुरशीला जे जे हवे ते सगळे तिथे मिळते, म्हणून मेटारायझियम इथे सगळ्यात भरवशाची ठरते. कुजलेल्या शेणखतात एकरी चार-पाच किलो मिसळून पेरणीच्या वेळी टाकायची, खत ओलसर ठेवायचे, उन्हात पसरून ठेवायचे नाही. पश्चिम महाराष्ट्रात मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने उसाच्या हुमणीसाठी बुरशांचे उत्पादन केले, साखर कारखान्यांमार्फत ते वावरात पोचले. आपल्याकडे कारखाना नाही, पण पीक सोयाबीनचे किंवा हळदीचे असले तरी काम तेच आहे. फक्त धीर हवा. भुंगेरे पकडण्याचे काम गावाने मिळून केले तर दोन-तीन हंगामांत फरक दिसतो.

तूर आणि हरभऱ्यात घाटेअळीसाठी एचएएनपीव्ही आणि निंबोळी अर्क हे अधिक खात्रीचे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव पडते, धुके येते, तेव्हा बिव्हेरिया काही प्रमाणात चालते. पण रात्री फार गार असतील तर ती हळू चालते आणि अळी तोवर घाटे खाऊन मोकळी होते. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ मध्ये शिवमोग्ग्यात पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. तिच्यासाठी मेटारायझियम आणि नोमुरियाची शिफारस आहे आणि ती विचार करून केलेली आहे, कारण अळी पोंग्यात बसते आणि पोंग्यात दवाचे पाणी साठते. फवारा नेमका पोंग्यात जायला हवा.

संत्रा आणि लिंबाच्या बागा हा वऱ्हाडचा अभिमान. बाळापूर तालुक्यातल्या वाडेगावचे लिंबू दूरवर जाते. काळ्या माशीच्या चिकट स्रावावर कोळशी वाढून झाड काळे पडते, हे विदर्भातल्या बागायतदाराने एकदा तरी भोगलेले असते. तिची पिल्ले पानाखाली बसतात, पांढऱ्या माशीसारखीच. दाट झाडात सावली आणि दमटपणा असतो. नवती फुटण्याच्या वेळी, पावसाळ्यात, लेकॅनिसिलियमचे दोन-तीन फवारे पंधरवड्याच्या अंतराने चालतात. अडचण बोर्डो मिश्रणाची आहे. डिंक्या आणि फांदीमर यांसाठी बागेत तांबे वापरावेच लागते, आणि तांबे बुरशीचा काळ. दोन्ही फवाऱ्यांत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवल्याशिवाय बागेत बुरशीचा विचारही करू नये.

इथवर हवामान आणि पीक झाले. खरी मेख पाकिटात आहे. ही बुरशी तयार होते तांदळाच्या कणीवर किंवा ज्वारीवर. धान्य भिजवून, वाफेवर निर्जंतुक करून, त्यात बुरशीचे विरजण घालून दोन-तीन आठवडे ठेवायचे, मग बीजाणू वाळवून शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळायचे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली अशा उत्पादनाला नोंदणी लागते, आणि प्रति ग्रॅम किमान दहा कोटी जिवंत बीजाणू असावे लागतात. हेक्टरी दोन ते अडीच किलो ही सर्वसाधारण मात्रा. आता हिशेब करू. दोन किलो भुकटीत, सगळे जिवंत धरले तरी, वीस हजार कोटी बीजाणू होतात. आफ्रिकेत टोळांवर मेटारायझियम अ‍ॅक्रिडम वापरणाऱ्या लुबिलोसा या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने हेक्टरी ५० ग्रॅम शुद्ध बीजाणू तेलात मिसळून मारले. त्यात अडीच लाख कोटी बीजाणू होते. म्हणजे आपल्या किमान मात्रेच्या बारापट. आणि आपली भुकटी पाण्यात मिसळून, उन्हाच्या देशात, उघड्या पानावर मारायची असते. कमीत कमी मानक पाळणाऱ्या पाकिटाकडून चमत्काराची अपेक्षा ठेवायला आधारच नाही. प्रति ग्रॅम शंभर कोटींचे उत्पादन बाजारात असते, ते घ्यावे.

त्यात पाकिटाची साठवण. थंड जागी ठेवले तर भुकटी सहा महिने ते वर्षभर टिकते. मार्च-एप्रिलमध्ये गोदामात आलेले पाकीट पातूरच्या पत्र्याच्या दुकानात मे काढते, जूनमध्ये पेरणी लांबते, आणि ऑगस्टमध्ये ते शेतकऱ्याच्या हाती पडते. लेबलवरची मुदत संपलेली नसते, आतली बुरशी संपलेली असते. याहून वाईट म्हणजे ‘जैविक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बाटल्यांत रासायनिक कीटकनाशक मिसळलेले असते. अळ्या दुसऱ्या दिवशी पटापट मेल्या तर आनंद न मानता संशय घ्यावा. बुरशी एका रात्रीत मारत नाही.

एक इशारा रेशीमवाल्यांसाठी. तुतीची लागवड विदर्भातही वाढते आहे. बासींनी ज्या रोगाचे कारण शोधले तोच रोग आपण पाकिटातून मारतो आहोत. तुतीच्या मळ्याजवळ, वाऱ्याच्या दिशेला, बिव्हेरियाचा फवारा मारू नये, आणि एकाच घरात रेशमाच्या अळ्या आणि बिव्हेरियाचे पाकीट ठेवू नये. माणसाला या बुरशा सहसा बाधत नाहीत, कारण शरीराच्या सदतीस अंशांत त्या नीट वाढत नाहीत. तरी भुकटी नाकात गेली तर काहींना शिंका-दम्याचा त्रास होतो, तेव्हा तोंडाला रुमाल हवाच.

बाहेरच्या जगात दोन उदाहरणे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. ब्राझीलमध्ये उसावरच्या फेसकिड्यासाठी मेटारायझियम दरवर्षी लाखो हेक्टरवर मारली जाते. ती ऊस पट्ट्यातल्याच प्रयोगशाळांत तांदळावर वाढवली जाते आणि ताजी वापरली जाते. दुसरे उदाहरण आपल्या दाराशी आलेले. मे २०२० मध्ये टोळधाड अमरावतीच्या मोर्शी-वरुडातून पुढे गेली तेव्हा आपण अग्निशमनच्या गाड्यांतून क्लोरपायरीफॉस मारले. त्याच वर्षी सोमालियाने टोळांवर बुरशी वापरली, कारण तिथे गुरांचे चरणे मोडून चालणार नव्हते. गरीब म्हणून गणल्या जाणाऱ्या देशाला ते जमले, कारण बुरशीचा साठा आणि तेलातली योग्य बनावट आधीच तयार होती.

मग इथे कोण करणार? अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि लिंबूवर्गीय फळांची संस्था आहे, एकात्मिक कीड व्यवस्थापनाचे केंद्र आहे. परभणीच्या विद्यापीठाचे बायोमिक्स हे सूक्ष्मजीवांचे मिश्रण घ्यायला शेतकरी दुरून येतात, यावरून भरवशाच्या मालाला मागणी आहे हे दिसते. वऱ्हाडात सेंद्रिय शेतीचे मिशन पंजाबराव देशमुखांच्या नावाने अकोल्यातूनच चालते, आणि त्यात शेतकरी गट, उत्पादक कंपन्या उभ्या आहेत. त्यांच्याकडून दशपर्णी आणि जीवामृताचे प्रशिक्षण पुष्कळ झाले. माझे मत असे की दशपर्णीच्या पिंपात जेवढी ऊर्जा गेली तिच्यातली निम्मी जरी ज्वारीवर मेटारायझियम वाढवण्यात गेली असती तर फायदा मोजता आला असता. ज्वारी इथलीच. निर्जंतुक करायला वाफेचे यंत्र, स्वच्छ खोली, विद्यापीठाकडून दर हंगामाला शुद्ध विरजण, आणि तपासणीची सोय, एवढे लागते. घरच्या कुकरात करून पाहण्याचा हा उद्योग नाही, कारण मित्र बुरशीसोबत भलत्याच बुरशा वाढल्या की बियाण्यालाच रोग लागतो. पण तालुक्याला एक प्रयोगशाळा, मे महिन्यात गावागावातून मागणी नोंदवणे आणि जूनच्या शेवटी हुमणीसाठी, जुलैच्या शेवटी सोयाबीनसाठी ताजा माल देणे, हे पातूरसारख्या तालुक्याला अशक्य नाही. कृषी विद्यापीठ तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. विद्यापीठाने विरजण आणि तपासणी पत्करावी, गटाने उत्पादन आणि वाटप पत्करावे.

तोवर वाचकाने एवढे करावे. पाकीट घेताना नोंदणी क्रमांक, प्रति ग्रॅम बीजाणूंची संख्या आणि उत्पादनाची तारीख पाहावी. तारीख उन्हाळ्याआधीची असेल, किंवा ‘बायो’ लिहून घटकच लिहिलेला नसेल, तर ते परत द्यावे आणि पावती मागावी. पाकीट घरात माठाजवळच्या गार जागी ठेवावे, संध्याकाळी मारावे, त्या पंपात बुरशीनाशक घालू नये आणि आठ दिवस अळ्या मोजत राहाव्या. गुलाबी बोंडअळीसाठी मात्र ते विकत घेऊच नये.